पॅरिसचा म्युझियम पास: विकत घेतो ते तास

घात केला तो पावसाने. पॅरिसमधला आमचा पहिलाच दिवस, बुधवार, दुपारचे साडेचार वाजून गेलेले. लॅटिन क्वार्टरच्या चढावर अचानक सर आली. छत्र्या हॉटेलात, आणि समोर पाँथेऑं या स्मारकाचे भलेमोठे खांब. ‘पास आहेच की आपल्याकडे’ म्हणत आम्ही आत शिरलो. दाराशी मोबाइलवरचा कोड दाखवला, यंत्र टिंग वाजलं. आत पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुकोचा लंबक संथपणे झुलत होता, तळघरात व्होल्तेर, ह्युगो आणि मेरी क्युरी चिरनिद्रा घेत होते. अर्ध्या तासात पाऊस थांबला आणि आम्ही बाहेर पडलो.

त्या टिंगने काय केलं होतं ते शुक्रवारी संध्याकाळी लूव्रच्या दारात कळलं. तिथली साडेपाचची वेळ आम्ही महिनाभर आधी राखून ठेवली होती, मोठ्या ऐटीत. पास मात्र पाच वाजायच्या आतच मेला होता. 48 तास म्हणजे 48 तास. नशिबाने तिकिटं शिल्लक होती, म्हणून माणशी 22 युरो मोजून आत गेलो. पाँथेऑं छानच आहे, पण आमच्यासाठी ती जगातली सगळ्यात महाग छत्री ठरली.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी पॅरिसला निघालं की मला फोन येतो: ‘तो पास घ्यायचा का गं?’ एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

पास म्हणजे काय, आणि काय नाही

आपल्या एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना आठवते? एकदाच पैसे भरायचे आणि चार किंवा सात दिवस वाटेल त्या गाडीत बसायचं. पॅरिसचा म्युझियम पास त्याच गोत्रातला. एकदा पैसे भरले की पॅरिस आणि आसपासची पन्नासहून अधिक संग्रहालयं आणि स्मारकं उघडी. फरक एवढाच, की इथे कॅलेंडरवरचे दिवस मोजत नाहीत, तास मोजतात. पास तीन प्रकारचा मिळतो: 48, 96 आणि 144 तासांचा. बोलताना सगळे दोन, चार, सहा दिवसांचा पास म्हणतात आणि तिथेच फसतात. घड्याळ सुरू होतं पहिल्या दारावर कोड दाखवला त्या क्षणी, आणि मग थांबत नाही. तुम्ही झोपलात तरी नाही, सोमवारी निम्मी दारं बंद असली तरी नाही. ‘आज दमलो, उद्याचा दिवस वगळा’ ही सोय नाही. शिवाय एका ठिकाणी एकदाच जाता येतं. लूव्रमधून जेवायला बाहेर पडलात की लूव्र संपलं.

यादीतली मोठी नावं बहुतेकांना ठाऊक असतात: लूव्र, ऑर्से, ऑरांजरी, रोदाँ, पिकासो, सेंट-शापेल चर्च, त्याला लागून असलेला कॉन्सिएर्जरीचा जुना तुरुंग, आर्क द त्रिऑम्फ, पाँथेऑं, नेपोलियनची समाधी असलेलं लष्करी संग्रहालय, आणि शहराबाहेर व्हर्सायचा राजवाडा. खरी गंमत यादीच्या खालच्या अर्ध्यात आहे. पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनीचं बॅसिलिका आहे. फ्रान्सच्या राजे-राण्यांची दगडी शवं तिथे ओळीने पहुडलेली आहेत आणि गर्दी जवळजवळ नसतेच. पुआसी गावात व्हिला साव्वा आहे. चंडीगढ वसवणाऱ्या ल कॉर्बुझिएचं हे घर पाहायला वास्तुकलेचे विद्यार्थी हमखास जातात. आणि एक आहे गिमे.

गिमेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडची माणसं तिथे क्वचितच जातात. एमिल गिमे हा लियाँचा कारखानदार. 1876मध्ये तो जपान, चीन आणि भारत फिरून आला, आणि धर्मांचं संग्रहालय उभारायचं वेड घेऊनच परतला. 1889मध्ये ते पॅरिसला आलं. आज ते आशियाई कलेचं संग्रहालय आहे. तळमजल्यावर अंगकोरच्या ख्मेर मूर्ती आहेत आणि त्यांच्या शेजारच्या भारतीय दालनात तमिळनाडूचा ब्राँझचा नटराज. युरोपची चित्रं पाहून डोळे शिणले, आता आणखी एक मॅडोना, म्हणजे मेरीमातेचं चित्र, नको असं झालं, की इथे यावं. समोर गणपती दिसला तर हात आपोआप जोडले जातात. कोणी बघत नाही. शिवाय इथून आयफेल टॉवर चालत जाण्यासारखा आहे.

आता पासात काय नाही. आयफेल टॉवर नाही. हे ठळक अक्षरात लिहायला हवं, कारण निम्मी माणसं पास घेतात ती टॉवर त्यात असेल असं समजून. जमिनीखालच्या कवट्या-हाडांचे भुयारी मार्ग नाहीत, ऑपेरा गार्निए नाही, चित्रकार मोनेचं जिव्हर्नीचं घर नाही. मेट्रोचा प्रवासही नाही. त्याचे पैसे वेगळे. 2025च्या जानेवारीपासून मेट्रो आणि उपनगरी गाडीला एकच दर झाला, तेव्हा तो 2.50 युरो होता. व्हर्सायलाही त्याच तिकिटात जाता येतं, ही त्यातली गोड बातमी. फक्त विमानतळाचं तिकीट निराळं आणि बरंच महाग. संग्रहालयातली तात्पुरती प्रदर्शनंही गृहीत धरू नका, काही ठिकाणी पासात असतात, काही ठिकाणी वरचे पैसे पडतात. व्हर्सायला राजवाडा आणि त्रियानों हे आवारातले छोटे महाल पासात आहेत, पण एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये बागेत संगीत किंवा कारंज्यांचा कार्यक्रम असेल त्या दिवशी बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

पाँपिदू हे आधुनिक कलेचं केंद्र मात्र नियोजनातून काढूनच टाका. नूतनीकरणासाठी ते 2025च्या सप्टेंबरमध्ये बंद झालं, 2030पर्यंत उघडणार नाही. मला त्याची हळहळ वाटते. मुंबईच्या जेजे स्कूलमधून निघून 1950मध्ये फ्रान्सला गेलेल्या चित्रकार सय्यद हैदर रझांचं मोठं प्रदर्शन 2023मध्ये याच इमारतीत भरलं होतं.

एक सूचना खरेदी करणाऱ्यांसाठी. पास शोधायला गेलं की नावात साधर्म्य असलेले दुसरेही पास समोर येतात. त्यांत बसची फेरी, नदीतली बोट असं काहीबाही जोडलेलं असतं आणि किंमत कितीतरी जास्त. ते वाईट असतात असं नाही, पण ती निराळी वस्तू आहे. मी बोलतेय तो पास फक्त संग्रहालयं आणि स्मारकांचा.

पैशांचा हिशोब

अमर्यादित थाळी कोणाला परवडते? ज्याला भूक आहे त्याला. पासाचंही तेच.

आम्ही गेलो तेव्हाचे, म्हणजे 2024चे आकडे घेऊन दाखवते. पास 62, 77 आणि 92 युरोंना होता. सुटी तिकिटं घेतली तर लूव्र 22, ऑर्से 16, सेंट-शापेल 13, ऑरांजरी 12.50. बेरीज 63.50. म्हणजे दोन दिवसांत ही चार ठिकाणं पाहिली की पास जेमतेम फिटला, दीड युरो वाचला. तीनच पाहिली तर 51, म्हणजे 11 युरो बुडाले. चार दिवसांच्या पासाला या चारांत व्हर्सायचा राजवाडा जोडला, 21 युरो, की 84.50 होतात आणि 77चा पास फिटतो. इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: पहिल्या दोन दिवसांना 62, आणि पुढच्या दोन दिवसांना फक्त 15. पास जितका मोठा तितका दिवस स्वस्त. म्हणून चार दिवसांचा पास बहुतेकांना सगळ्यात जास्त मानवतो. धावपळ निम्मी होते आणि हिशोबही जमतो.

त्यानंतर दर वाढले, पासाचेही आणि तिकिटांचेही. तेव्हा निघायच्या आधी अधिकृत संकेतस्थळावरचे ताजे आकडे घ्या, कागदावर दोन उभे रकाने काढा, एकात पास, दुसऱ्यात सुटी तिकिटं. नवे आकडे मांडताना एक बदल लक्षात ठेवायला हवा. 14 जानेवारी 2026पासून लूव्रने युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पाहुण्यांसाठी तिकीट 32 युरो केलं. म्हणजे आपल्याला 32. बातमी वाचून आमच्या ग्रुपवर बराच संताप झाला. मला मात्र अजिंठ्याचं तिकीटघर आठवलं. भारतीयांना 40 रुपये, परदेशी पाहुण्यांना 600. त्या रांगेत उभ्या असलेल्या गोऱ्या माणसांकडे आपण कधी वळून पाहिलं होतं? असो. हिशोबापुरतं एवढंच, की सुट्या तिकिटांत आपल्यासाठी वेगळा चढा भाव असेल तर पासाचं पारडं तेवढं जड होतं.

पास कोणाला नकोच, हेही सांगते. मुलांना नको. लूव्र, ऑर्से, व्हर्साय अशा ठिकाणी 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, कुठल्याही देशाची असोत. पासपोर्ट जवळ ठेवा, झालं. तरी मुलांसाठी पूर्ण पास घेतलेले आई-वडील मला भेटले आहेत. तसंच, तुमची भाची किंवा पुतण्या तिथे शिकायला असेल, लांब मुदतीच्या व्हिसावर राहत असेल आणि वय 26च्या आत असेल, तर बहुतेक राष्ट्रीय संग्रहालयं त्याला फुकट आहेत. तो पाहुण्यांना घेऊन दहाव्यांदा लूव्रला जायला कुरकुरतो ते तिकिटापायी नव्हे.

आणि जिथे प्रवेशच मोफत आहे तिथे पासाचे तास घालवू नका. पॅरिस महापालिकेच्या संग्रहालयांतले कायमचे संग्रह सगळ्यांना फुकट आहेत. मारे भागातलं कार्नावाले, म्हणजे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय, त्यातलंच. ‘पती पाले’ हे कलासंग्रहालयही. नोत्र-दाम चर्च 2019च्या आगीनंतर डिसेंबर 2024मध्ये पुन्हा उघडलं, तिथेही आत जायला पैसे नाहीत. ही सगळी पास सुरू व्हायच्या आधी किंवा संपल्यानंतर पाहायची. बारीकशी गोष्ट वाटते, पण सगळं नियोजन याच्यावर उभं राहतं: पासाचे तास वेगळे, शहराचे दिवस वेगळे.

सोमवार, मंगळवार

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. औरंगाबादला पाहुण्यांना नेताना हे विसरलं की काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. पॅरिसची संग्रहालयं अगदी याच चालीवर चालतात. लूव्र, ऑरांजरी, गिमे मंगळवारी बंद. ऑर्से, रोदाँ, पिकासो, व्हर्साय सोमवारी बंद. सेंट-शापेल, आर्क द त्रिऑम्फ, पाँथेऑं आणि नेपोलियनची समाधी असले वार पाळत नाहीत. म्हणून दोन दिवसांचा पास सोमवार-मंगळवारवर टाकणं म्हणजे दोन्ही दिवशी अर्ध्या दुकानाला कुलूप. त्यातून मंगळवारी लूव्र बंद असल्याने सगळा लोंढा व्हर्सायला वळतो. मंगळवारचा व्हर्साय म्हणजे गणपतीतलं दादर स्टेशन, फक्त आरशांसह.

वारांची दुसरी बाजू जास्त उपयोगाची आहे. काही संग्रहालयं आठवड्यातून एखाद-दोन संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असतात. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री 9पर्यंत, ऑर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा लागोपाठ तीन संध्याकाळी मिळतात. आता तासांचं गणित पुन्हा आठवा. 48 तासांचा पास बुधवारी दुपारी 3ला सुरू केला तर तो शुक्रवारी दुपारी 3ला संपतो. दोन रात्री, पण कॅलेंडरवरचे तीन दिवस. जो नियम पाँथेऑंमध्ये माझ्या मुळावर आला, तोच आधी माहीत असता तर माझ्या बाजूने राबला असता.

रांगा दोन असतात

‘पास असला की रांग नाही’ हे अर्धसत्य आहे. मोठ्या ठिकाणी दोन रांगा असतात, एक तिकिटाची आणि एक सुरक्षा तपासणीची. पास पहिली चुकवतो, दुसरी कोणालाच चुकत नाही. सेंट-शापेल तर न्यायालयाच्या आवारात आहे, त्यामुळे तपासणी विमानतळासारखी. पर्समधली फळं कापायची सुरी, शिवणाच्या डब्यातली कात्री हॉटेलातच ठेवा. माझ्या मावशीने परदेशात कुठेही आडकित्त्याशिवाय जायचं नाही असा पण केला होता. इथे तो मोडावा लागला असता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळेचं आरक्षण. लूव्र, व्हर्साय, सेंट-शापेल, ऑरांजरी अशा ठिकाणी पास असला तरी ठरावीक वेळ आधी राखावी लागते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर पासधारकांसाठीचा पर्याय निवडायचा, आणि शून्य युरोचं तिकीट मिळतं. अडचण अशी, की या जागा मोजक्या असतात आणि हंगामात लवकर संपतात. पास विकला जातो अमर्याद, पण दारातून आत जाणारी माणसं मर्यादित. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी लूव्र आणि व्हर्सायला आपल्या तारखांना वेळ मिळतेय का ते पाहायचं, मग पास घ्यायचा. पास घेऊन वेळ शोधणं म्हणजे हॉल न बघता मुहूर्त छापणं.

ऑर्से, रोदाँ, पाँथेऑं या बाबतीत सैल आहेत. मधल्या रिकाम्या वेळेत घालायला ती बरी. आणि संप हा पॅरिसच्या आयुष्याचा भाग आहे. कर्मचाऱ्यांचा संप असला की लूव्रसुद्धा उशिरा उघडतं किंवा उघडतच नाही. त्या दिवशी सकाळी चहा पिता पिता संकेतस्थळ एकदा पाहावं.

बुधवार दुपार ते शुक्रवार दुपार

दुसऱ्या खेपेला मी घड्याळ माझ्या बाजूने लावलं. तोच आराखडा आता फोनवर सगळ्यांना सांगते.

बुधवारी सकाळी सेन नदीतल्या बेटावर जायचं, नोत्र-दाम पाहायचं, फुकट. बाहेर बाकावर बसून हॉटेलातून आणलेले पराठे खायचे. दुपारी 3ची वेळ सेंट-शापेलची, आणि इथे पास सुरू. खालचं बुटकं देऊळ पाहून माणसं ‘एवढंच?’ म्हणतात. मग अरुंद गोल जिन्याने वर जायचं. वर भिंतीच नाहीत, काचा आहेत. 15 उंच खिडक्या, त्यांत बायबलमधले 1,113 प्रसंग. नववा लुई या राजाने ख्रिस्ताचा काटेरी मुकुट ठेवायला हे बांधलं, 1248मध्ये पूर्ण झालं. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या चाळीसएक वर्षं आधी. दुपारचं ऊन असेल तर जमिनीवर जांभळे-लाल तुकडे पडतात आणि माणसांचे चेहरेही रंगतात. म्हणून दुपार. तिथून बाजूच्या कॉन्सिएर्जरीत फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतने अखेरचे दिवस काढले ती जागा. अर्धा तास पुरतो.

मग लूव्र, साडेपाचला. संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या परतलेल्या असतात आणि दालनं जरा श्वास घेतात. लूव्र तीन पंखांत पसरलेलं आहे आणि सुमारे 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत. सगळं पाहायचं हा विचारच सोडा. मी माणशी पाच गोष्टी निवडायला सांगते. मोनालिसाला गर्दी असतेच, चित्र आहे केवळ 77 बाय 53 सेंटिमीटरचं. त्या गर्दीत उभं असताना मागे वळून पाहा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझेचं काना गावच्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ 10 मीटर रुंद, पंगतीच्या पंगती, वाढपी, कुत्री, वाजंत्रीवाले. लग्नाच्या जेवणावळीत वाढलेल्या माणसाला मोनालिसापेक्षा हेच जास्त आवडेल, असं माझं मत आहे. आणि रिशल्यू पंखात प्राचीन बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचा काळा दगड, सव्वादोन मीटर उंच, कायदा कोरलेला. त्याच्याभोवती अनेकदा कोणीच नसतं.

गुरुवारी सकाळी 9ला ऑरांजरी. मोनेची कमळं दोन लंबगोल दालनांत, 8 चित्रं, खिडकी नसलेल्या भिंतीभर. दालनं 1927च्या मे महिन्यात उघडली, मोने त्याआधी पाच महिने वारला होता. दुपार बागेत घालवा. तुइलरी बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या फुकट असतात, पाय वर करून बसता येतं. पासाच्या तासांपैकी दोन तास असे ‘वाया’ घालवायलाच हवेत. मग पुलावरून नदी ओलांडली की ऑर्से. 1900च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं हे रेल्वे स्टेशन, 1986मध्ये संग्रहालय झालं. सगळ्यात आधी लिफ्टने पाचव्या मजल्यावर जा, मोने-रन्वार-देगा तिथे आहेत, आणि स्टेशनाचं अजस्र घड्याळ आतून दिसतं ते तिथेच. गुरुवार असल्याने घाई नाही. आठ वाजता गर्दी ओसरते, तेव्हा व्हॅन गॉगसमोर एकट्याने उभं राहता येतं.

शुक्रवारी सकाळी 9ची वेळ व्हर्सायची. उपनगरी गाडीने जायचं. आरसेमहालाची लांबी 73 मीटर, पहिल्या महायुद्धाचा तह 28 जून 1919 रोजी इथेच झाला. पहिल्या तासात तो बराच रिकामा मिळतो. त्रियानों दुपारी 12ला उघडतं, आणि तेव्हा पास अजून जिवंत असतो. अडीचपर्यंत सगळ्या दारांवर शेवटची टिंग वाजवून झालेली असते.

यात आर्क द त्रिऑम्फ नाही, हे कोणीतरी विचारतंच. 284 पायऱ्या आहेत. चार दिवसांचा पास असेल तर एखाद्या संध्याकाळी जा, वरून बारा रस्ते ताऱ्यासारखे फुटलेले दिसतात. दोन दिवसांत कोंबू नका.

गुडघे

कोणत्याही हिशोबात न येणारी गोष्ट म्हणजे गुडघे. संग्रहालयात चालणं रस्त्यावरच्या चालण्यापेक्षा जास्त थकवतं, कारण आपण चालत नसतो, थांबत थांबत रेंगाळत असतो, आणि जमीन दगडी. दिवसाला दोन मोठी संग्रहालयं ही माझ्या मते वरची हद्द. लूव्रमध्ये चाकाची खुर्ची मोफत मिळते, मागायला लाजू नये. मी पाहिलंय, पासाचे पैसे वसूल करायला निघालेली माणसं तिसऱ्या दिवशी चित्रांकडे बघतच नाहीत, बाक शोधतात.

पासाचा खरा फायदा मला उलट्या बाजूने दिसतो. सुटं तिकीट काढून गेलं की अर्ध्या तासात बाहेर पडवत नाही, 15 युरो डोळ्यांसमोर येतात. पास असला की रोदाँ संग्रहालयाच्या बागेत नुसतं त्याच्या ‘विचारवंत’ या पुतळ्याला भेटून, एक फेरी मारून निघून जाता येतं. आवडलं नाही तर पाठ फिरवता येते. बचत शून्य झाली तरी ही मोकळीक मला महत्त्वाची वाटते.

त्या दुसऱ्या खेपेला, 2025मध्ये, आई बरोबर होती. वय 74, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिच्यासाठी रकाने काढले तेव्हा दिसलं की तिला पासातलं दोनच ठिकाणी जायचंय: लूव्र आणि ‘ती कमळं’. लूव्रही तिने सकाळी रद्द केलं, ‘तुम्ही जा, मी खिडकीशी बसते’ म्हणून. तिच्यासाठी ऑरांजरीचं एक सुटं तिकीट काढलं, 12.50 युरो. आम्ही दोघं तिथून पाऊण तासात निघालो, ऑर्से पाहायचं होतं, घड्याळ चालू होतं. ती मात्र दालनाच्या मधल्या बाकावर बसून राहिली. दीड तासाने आणायला गेलो तेव्हाही तिथेच होती, चपला काढून, मांडी घालून. म्हणाली, ‘जरा थांबा, तिकडचं तळं अजून बघायचंय.’